चार बाण आणि बाराखडी

जुम्म्याची नमाज झाली, जेवणे उरकली, की अनेक घरांत दादींना टीव्हीवर एखादी नात ऐकावीशी वाटते. टीव्ही नवा असतो, इंटरनेट असते, रिमोटही हातात असतो. त्यावर चार दिशांचे चार बाण आणि मध्ये ओकेचे बटण. पण पडद्यावर अक्षरांची पाटी उघडली, की दादींचा हात थांबतो. नात शोधायची, तर नातीला हाक मारावी लागते!

आपण सहज म्हणून जातो, ‘म्हाताऱ्या माणसांना हे जमत नाही.’ पण ज्या दादींनी पन्नास माणसांच्या दावतीचा अंदाज डोळ्यांनी घेतला, कुरआनची तिलावत आयुष्यभर केली, त्यांना पाच बटणे जमत नाहीत, हे पटण्यासारखे आहे का? आम्हाला तरी पटत नाही. अडचण बटणांच्या मागच्या मांडणीत आहे. ती मांडणी कोणीतरी केलेली आहे आणि ती अधिक चांगली करता येते. गेली काही दशके जगातल्या अनेक हुशार लोकांनी याच प्रश्नावर डोके चालवले आहे : फक्त वर, खाली, डावीकडे, उजवीकडे एवढेच सांगता येत असेल, तर माणसाला सहज लिहिता कसे येईल?

आधी मोजून पाहू

पुष्कळ टीव्हींवर इंग्रजी अक्षरे क्रमाने, सहा-सहाच्या ओळींत मांडलेली असतात. पहिल्या ओळीत ए ते एफ, दुसरीत जी ते एल, अशी. त्या पाटीवर ‘नात’ इंग्रजी अक्षरांत लिहायचे, म्हणजे एन, ए, ए, टी. सुरुवात ए वर आहे असे धरू. ए पासून एन पर्यंत बाण तीनदा दाबावा लागतो. तिथून परत ए वर यायला तीनदा. दुसरा ए तिथेच आहे. मग टी पर्यंत चारदा. झाले दहा बाण. प्रत्येक अक्षराला एकदा ओके, म्हणजे आणखी चार. चार अक्षरांना एकूण १४ दाब.

दुसऱ्या प्रकारच्या टीव्हींवर संगणकासारखी क्वर्टी पाटी असते. वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या क्यू पासून सुरुवात केली, तर एन पर्यंत सात, एन पासून ए पर्यंत सहा, ए पासून टी पर्यंत पाच. हे झाले १८ बाण आणि चार ओके. एकूण २२ दाब!

क्वर्टी ही मांडणी १८७० च्या दशकात अमेरिकेत शोल्स यांच्या टाइपरायटरबरोबर आली. ती दोन हातांच्या बोटांसाठी होती. तिथे एन कुठे आणि ए कुठे याने फारसा फरक पडत नाही, कारण एक बोट इकडे असते आणि दुसरे तिकडे. रिमोटवर मात्र एकच अंगठा असतो आणि तोही एकेक घर चालत जातो. दहा बोटांची पाटी एका अंगठ्याच्या हाती दिली, की २२ दाब होणारच. त्यात मध्येच एक बाण जास्त दाबला गेला, की चुकीचे अक्षर, ते पुसायला पाटीच्या दुसऱ्या टोकाचा प्रवास आणि पुन्हा सुरुवात.

यातून पहिला नियम आपोआप हाती येतो. बाणांनी लिहायचे असेल, तर दोन अक्षरांमधले अंतर हाच खरा खर्च आहे. तो कमी केला पाहिजे.

बगदादचा धागा

अंतर कमी करायचे, तर कोणती अक्षरे जास्त लागतात ते आधी कळायला हवे. जास्त लागणारी अक्षरे जवळ, कमी लागणारी दूर. हे आज साधे वाटते. पण भाषेतली अक्षरे मोजायची असतात, हे पहिल्यांदा लिहून ठेवणारा ज्ञात विद्वान म्हणजे नवव्या शतकातला बगदादचा अबू यूसुफ याकूब अल-किंदी. गुप्त लिपीतले संदेश उलगडण्यावर त्याने एक रिसाला लिहिला. त्याची रीत अशी होती : त्या भाषेतला साधा, मोठा मजकूर घ्यावा, त्यात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजावे, मग गुप्त संदेशातली चिन्हे मोजावीत आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून ताडून पाहाव्यात. अरबीत अलिफ आणि लाम किती वारंवार येतात, हे ज्याने कुरआन वाचला आहे त्याला वेगळे सांगायला नको. अल-किंदीने त्या जाणिवेचे शास्त्र केले.

हजार वर्षांनी तारायंत्र आले, तेव्हा मोर्सच्या संकेतांत इंग्रजीत सर्वांत जास्त येणाऱ्या ई या अक्षराला फक्त एक टिंब मिळाले. क्यू सारख्या क्वचित लागणाऱ्या अक्षराला मात्र चार चिन्हांचा लांब संकेत आला. आज मोबाइल पुढचा शब्द आधीच सुचवतो, त्याच्या मुळाशीही ही मोजणीच आहे. तेव्हा आपल्या मुलांना विज्ञानातले मुस्लिम पूर्वज सांगताना अल-किंदीचे नाव घ्यावे आणि त्याचे काम त्यांच्या हातातल्या मोबाइलमध्ये दाखवावे.

बोट सरकवले की मात्रा

दुसरी युक्ती जपानने रुजवली. जपानी काना लिपीत व्यंजन आणि स्वर मिळून एक अक्षर होते, आपल्या बाराखडीसारखे. स्वर मात्र पाचच. २००८ साली आयफोन जपानमध्ये गेला, तेव्हापासून तिथे बोट सरकवून लिहिण्याची पद्धत घरोघरी पोहोचली. एका बटणावर ‘का’ आहे. नुसते दाबले की ‘का’. तिथूनच बोट डावीकडे सरकवले की ‘कि’, वर सरकवले की ‘कु’, उजवीकडे ‘के’, खाली ‘को’. प्रत्येक बटणाला हाच नियम. दिशा एकदा अंगवळणी पडल्या, की पाहावेही लागत नाही.

ही गोष्ट मराठीसाठी आपल्याच मुंबईत झाली आहे. पवईच्या आयआयटीतल्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये प्राध्यापक अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने ‘स्वरचक्र’ नावाचा मोबाइलसाठीचा कीबोर्ड तयार केला. त्यात व्यंजने शाळेत शिकलेल्या वर्णमालेच्या क्रमानेच मांडलेली आहेत. क वर बोट ठेवले, की त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू असे चाक उघडते. हव्या त्या दिशेला बोट सरकवून उचलले, की अक्षर उमटते. जोडाक्षरासाठी त्या व्यंजनाचा पाय मोडला, की पुढची जोडाक्षरे पाटीवरच दिसू लागतात. ज्याला बाराखडी येते, त्याला वेगळे काही पाठ करावे लागत नाही. मराठीबरोबर इतर अनेक भारतीय भाषांसाठीही तो तयार केला गेला.

दिशांची संख्या मात्र बेताची हवी. चार दिशा माणूस डोळे मिटून सांगतो. आठही थोड्या सरावाने जमतात. त्यापुढे चाकाचे तुकडे बारीक होतात आणि हात चुकू लागतो. म्हणून चांगली मांडणी एका फेरीत सगळे कोंबत नाही. ती दोन सोप्या पायऱ्या करते.

टीव्हीसाठी एक पाटी

हे सगळे एकत्र केले तर रिमोटवरची मराठी पाटी कशी असावी? आम्ही वहीवर मांडून पाहिली. क, च, ट, त, प या पाच वर्गांच्या पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. सहाव्या ओळीत य, र, ल, व, श. सातव्या ओळीत ष, स, ह, ळ, अ. झाली बरोबर ३५ घरे, एकही रिकामे नाही.

आता तीन नियम. पहिला, सुरुवात कोपऱ्यातून न होता मधल्या घरातून, म्हणजे द वरून व्हावी. दुसरा, ओळ संपली की बाण दुसऱ्या टोकाने आत यावा. म्हणजे न वरून उजवीकडे गेले की थेट त, आणि तळाच्या ओळीतून खाली गेले की वरची ओळ. एवढ्याने कोणत्याही घरातून कोणत्याही घरात जास्तीत जास्त पाच दाबांत पोहोचता येते. हा नियम नसेल, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला दहा दाब लागतात. तिसरा नियम, ओके नुसते दाबले तर अक्षर उमटावे आणि दाबून धरले तर त्याच अक्षराभोवती मात्रांचे चाक उघडावे. सर्वांत जास्त लागणाऱ्या चार मात्रा चार बाणांवर, बाकीच्या दुसऱ्या पायरीवर. कोणत्या चार, हे अल-किंदीच्या रीतीने मजकूर मोजून ठरवावे. आ ची मात्रा त्यात असणार, हे कोणताही मराठी उतारा पाहून कळते. ती उजव्या बाणावर आहे असे धरू.

आता ‘नात’ लिहू. द वरून न पर्यंत उजवीकडे दोन. ओके दाबून धरले, एक. उजवा बाण, आ ची मात्रा, एक. न वरून उजवीकडे एक दाब की त. ओके, एक. एकूण सहा. आधीच्या पाट्यांवर १४ आणि २२ झाले होते. एका शब्दावरून निकाल लावायचा नसतो, हे खरे. ‘सूरह’ आणि ‘बिर्याणी’ही लिहून पाहावे लागेल. पण खर्च कुठे होतो आणि तो कसा वाचतो, हे या एका शब्दातही दिसते.

आपल्या घरांत आणखी एक पेच येतो. मराठी डावीकडून उजवीकडे लिहितात, उर्दू आणि अरबी उजवीकडून डावीकडे. मराठी वाक्यात मध्येच उर्दू शब्द उर्दू लिपीत आला, की उजवा बाण म्हणजे ‘पुढे’ की नुसता ‘उजवीकडे’, हा प्रश्न उभा राहतो आणि पडद्यावरची खूण उडी मारल्यासारखी वाटते. दोन्ही लिप्या वापरणाऱ्या घरातली मुले हे रोज अनुभवतात. अशा घरांत राहिलेली माणसे या क्षेत्रात गेली, तरच असे पेच नीट सुटतील. मुलामुलींना केवळ ‘कॉम्प्युटर शिका’ म्हणण्याऐवजी असे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवायला हवेत.

ज्यांना दिशा एवढेच उरले आहे

इथपर्यंतची गोष्ट सोयीची होती. टीव्हीवर नात उशिरा लागली, तर फार बिघडत नाही. पण काही माणसांसाठी हा बोलण्याचा प्रश्न आहे. जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेले मूल, ज्याला सगळे कळते पण जीभ आणि बोटे साथ देत नाहीत. मोटर न्यूरॉनच्या आजाराने हळूहळू हालचाल गमावलेले कोणाचे तरी अब्बा. कंपवाताने हात थरथरणाऱ्या नानी. अशा माणसाभोवती घर प्रेमाने उभे असते, पण त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याच्याविषयी बोलू लागते. ‘त्यांना चहा नको असेल.’ ‘त्यांना काही कळत नाही हो.’ त्यांना कळते. फक्त सांगायला वाट नसते.

अशा माणसांसाठी केलेली दोन कामे सांगण्यासारखी आहेत. २००३ मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेकब वॉब्रॉक आणि ब्रॅड मायर्स यांनी ‘एजराइट’ नावाची पद्धत मांडली. छोट्या पडद्यावर चौकोनी भोक असलेली प्लास्टिकची चौकट बसवायची आणि लेखणी त्या भोकाच्या कडांना टेकवून एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायची. कोणते कोपरे कोणत्या क्रमाने लागले, यावरून अक्षर ओळखले जाते. मधली रेघ कितीही वाकडी झाली तरी चालते. थरथरणाऱ्या हाताला कड आधार देते, जशी जिन्यावर भिंत देते. पुढे हीच पद्धत विजेच्या चाकाच्या खुर्चीच्या दांडीवरही आणली गेली. ज्या दांडीने खुर्ची चालते, तिनेच लिहायचे.

दुसरे काम इंग्लंडमधले. केंब्रिज विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके आणि त्यांचे विद्यार्थी डेव्हिड वॉर्ड यांनी ‘डॅशर’ तयार केले आणि २००२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात नजरेने लिहिण्याची त्याची रीत मांडली. यात बटणेच नाहीत. पडद्याच्या उजव्या बाजूला अक्षरांचे चौकोन असतात. आपण ज्या दिशेला खूण नेतो, तिकडचा चौकोन मोठा होत जवळ येतो. त्याच्या पोटात पुढच्या अक्षरांचे चौकोन असतात, त्यांच्या पोटात त्यापुढचे. मोटार चालवताना रस्ता समोरून यावा, तशी अक्षरे येत राहतात आणि आपण फक्त सुकाणू धरायचे. जे अक्षर पुढे येण्याची शक्यता जास्त, त्याचा चौकोन मोठा, म्हणून ते गाठायला सोपे. कमी शक्यतेचे अक्षरही नाहीसे होत नाही, फक्त लहान होते. लिहिणाऱ्याला जे म्हणायचे आहे ते म्हणण्याची वाट कधीच बंद होत नाही. माउस, दांडी किंवा डोळ्यांची हालचाल, कशानेही ते चालते. मॅके यांनी ते सर्वांसाठी मोफत ठेवले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले.

घरी करता येईल असा फलक

महागडी यंत्रे प्रत्येक घराला परवडत नाहीत. पण दिशांनी लिहिण्याचा एक प्रकार असा आहे, ज्याला वीजही लागत नाही. पारदर्शक फलकाच्या कडेला अक्षरांचे गट लिहितात. रुग्ण एका बाजूला, मदतनीस दुसऱ्या बाजूला. रुग्ण ज्या गटाकडे पाहतो, ते मदतनीसाला फलकातून दिसते. पहिली नजर गट सांगते, दुसरी नजर त्या गटातले अक्षर. वाणीचे उपचार करणारे तज्ज्ञ अनेक देशांत असे फलक वापरतात.

आपली वर्णमाला या कामाला जणू बेतलेली आहे. तिचे आठ गट पडतात आणि आठ दिशा भरतात : स्वर, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, सातवा य र ल व ळ आणि आठवा श ष स ह. स्वरांच्या गटात अ-आ, इ-ई, उ-ऊ, ए, ऐ, ओ, औ आणि अनुस्वार अशी आठच ठिकाणे ठेवावीत. ऱ्हस्व-दीर्घ मदतनीस समजून घेईल. ‘पाणी’ सांगायचे तर : प-वर्ग, पहिले ठिकाण, स्वर, आ, ट-वर्ग, पाचवे ठिकाण, स्वर, ई. आठ नजरा. ‘पा’ आणि ‘ण’ झाल्यावर मदतनीस विचारू शकतो, ‘पाणी का?’ उत्तरासाठी हो आणि नाही यांच्या खुणा आधी ठरवाव्यात. उदाहरणार्थ, हो साठी वर पाहणे, नाही साठी डोळे मिटणे.

फलक करताना काही गोष्टी पाळाव्यात. जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यावे आणि मधला भाग डोळे दिसतील असा कापून मोकळा ठेवावा. अक्षरे ठळक आणि मोठी असावीत, गटांमध्ये भरपूर अंतर असावे. दोन्ही बाजूंनी वाचता यावे म्हणून मदतनीसाच्या बाजूला तेच गट पुन्हा लिहावेत. ङ आणि ञ क्वचित लागतात, त्यांच्या जागी ‘दुखतंय’, ‘कूस बदला’ असे तातडीचे शब्द ठेवता येतील. वुजू आणि नमाजेची आठवण करून देणारा शब्दही ठेवावा. अंथरुणावर असलेल्या माणसाला इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत दीनने दिली आहे. ‘वेळ झाली का?’ हे विचारण्याची सोय घराने द्यावी.

एक इशारा महत्त्वाचा आहे. पक्षाघातानंतर काहींची वाचाच जाते, तर काहींचे शब्द ओळखण्याचे, जुळवण्याचे सामर्थ्यच दुखावते. दुसऱ्या प्रकारात अक्षरांचा फलक कदाचित उपयोगी पडणार नाही, चित्रे लागतील. म्हणून आधी वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवावे. अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो. मुंबईत वांद्र्याला याच कामाची राष्ट्रीय संस्था आहे. महाराष्ट्राचे राज्यपाल आणि अलीगढ विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले नवाब अली यावर जंग यांचे नाव तिला दिलेले आहे.

थांबण्याची शिस्त

सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयतींमागचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम (रजि.) हे अंध सहाबी दीन समजून घ्यायला आले. सरदारांचे बोलणे महत्त्वाचे की शिकायला आलेल्या या माणसाचा प्रश्न, याचा निवाडा त्या आयतींनी कायमचा केला. पुढे मदिनेत हेच सहाबी अजान देत असत. ज्याला डोळे नव्हते, त्याच्या आवाजाने शहर उठत असे.

म्हणून ज्या घरात असे कोणी आहे, तिथे फलकाइतकीच थांबण्याची शिस्त लागते. आठ नजरांचा एक शब्द व्हायला सुरुवातीला दोन-तीन मिनिटे लागतील. तेवढा वेळ कोणी वाक्य तोडू नये. अंदाज करावा, पण तो प्रश्न म्हणून विचारावा, उत्तर म्हणून लादू नये. शेवटचा शब्द त्याचाच. घरातल्या मुलांना मदतनीस करावे, ती लवकर शिकतात आणि कंटाळत नाहीत.

आणि ज्या घरात अशी अडचण नाही, तिथे निदान एवढे करता येईल. बहुतेक स्मार्ट टीव्हींना मोबाइल जोडून त्याच्या पाटीवरून लिहिता येते. नाहीतर साधा बिनतारी कीबोर्ड बसतो. दादींना आवडणारे कारी आणि नातख्वाँ आधीच आवडीच्या यादीत घालून ठेवावेत. बोलून शोधायची सोय आहेच, पण आपली कोकणी किंवा दख्खनी बोली यंत्राला दर वेळी कळतेच असे नाही. मोबाइलवर स्वरचक्रासारखी पाटी घालून त्यांना एक दुपार द्यावी. पहिल्या दिवशी आपले नाव, दुसऱ्या दिवशी नातवंडांची नावे. आठवड्याभरात परदेशी गेलेल्या मुलाला त्या स्वतः सलाम लिहून पाठवतील, इन्शाअल्लाह. त्यात एखादी मात्रा चुकली असेल, तर ती तशीच राहू द्यावी.